सोपं खातं

वडसा, ब्रह्मपुरी, अर्जुनी या पूर्व विदर्भातल्या झाडीच्या भागात आजही कुणी रत्नमाला शेंडेचं नाव काढलं, की पन्नाशी ओलांडलेली माणसं हातातलं काम थांबवतात. झाडीपट्टीच्या नाटकांत ही बाई तीसेक वर्षं नायिका होती. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे तिकडची जत्रा, भरली की रात्रभर नाटक, आणि नाटकात रत्नमाला, हे ठरलेलंच. ती रडली की समोर बसलेल्या बायका पदर तोंडाला लावायच्या, आणि ती सासूवर उलटून बोलली की त्याच बायका शिट्ट्या मारायच्या. लग्न तिनं केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "रोज एका नव्या नवऱ्यासंगं संसार करतो मी. अजून कायले पायजे?"

मग एका हिवाळ्यात तिला अर्धांगाचा झटका आला. हलकाच होता. डावा हात थोडा मंदावला, बोलणं परत आलं. पण बोलता बोलता एखादा साधा शब्द हातातून मासा निसटावा तसा निसटून जायचा. नाटक कंपनीच्या मालकानं दोन प्रयोग पाहिले आणि तिसऱ्याला दुसरी बाई उभी केली. रत्नमाला भावाच्या घरी वडश्याला राहायला आली. भाऊ पुढं वर्षभरातच गेला, आणि घरात उरल्या दोघी: ती आणि तिची भावजय शकुन.

शकुन तिच्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी धाकटी. सगळी नोकरी नगरपालिकेच्या वाचनालयात झालेली. ती पेटी वाजवायची, तीही छान. फोन, बँक, विजेचं बिल, घरातल्या सगळ्या यंत्रांचा कारभार तिच्याकडे होता. बाकी कारभार नणंदेच्या आवाजाकडे.

त्या आवाजाला पुन्हा ऐकणारे मिळाले ते शकुनच्या मुलीमुळं. तेजल नागपूरला एका कंपनीत होती. संगणकातले करार, म्हणजे यंत्रांनी आपापसात पाळायचे नियम, नीट लिहिलेत की नाही हे तपासायचं तिचं काम. एकदा सुटीत ती घरी आली, तेव्हा दोघी स्वयंपाकघरात पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या, आणि रत्नमाला एका नाटकातला भांडणाचा प्रवेश एकटीच पाच आवाजांत करून दाखवत होती. सासू, सून, दीर, पोलीस आणि मध्येच शेजारची कोंबडी. तेजलनं गुपचूप तो प्रवेश ध्वनिमुद्रित केला आणि 'ओसरी'वर टाकला.

"मले कोण ऐकते आता?" रत्नमाला म्हणाली.

संध्याकाळपर्यंत दोन हजार लोकांनी ऐकलं होतं.

ओसरी हे त्या काळातलं नवं समाजमाध्यम होतं. जुन्या माध्यमांवर कलाकार राबायचे आणि मलई मधल्या कंपन्या खायच्या, अशी सगळ्यांची तक्रार होती. ओसरीनं सांगितलं, आमच्याकडे मधला माणूसच नाही. ऐकणाऱ्याच्या कानात शेंगदाण्याएवढं एक यंत्र असायचं, त्याला कर्णिका म्हणत. माणूस मनापासून ऐकायला लागला की त्याचा श्वास बदलतो, संथ होतो, ऐन प्रसंगाला क्षणभर थांबतो. कर्णिकेला ते कळायचं. जितका वेळ ऐकणारा असा रंगलेला, तितकी 'दाद' त्याच्या खात्यातून निघून सरळ कलाकाराच्या खात्यात जायची. दाद हे ओसरीचं चलन. ते विकून रुपये करता येत.

आणि हा सगळा व्यवहार ब्लॉकचेनवर चालायचा. म्हणजे कोणी कोणाला किती दाद दिली याची नोंद एका कंपनीच्या संगणकात नसायची. ती देशभरातल्या हजारो संगणकांवर एकदमच व्हायची, आणि प्रत्येक नवी नोंद आधीच्या नोंदीला अशी जखडलेली, की मागचा एक आकडा बदलायचा तर पुढची सगळी साखळी मोडावी लागेल, तीही हजारो ठिकाणी. त्यामुळं तिथं खोटं लिहिणं जवळजवळ अशक्य. ओसरीची जाहिरातच होती: 'माणूस चुकेल, साखळी चुकणार नाही. कमिशन शून्य.'

शकुननं दोघींची खाती उघडली. नणंद आवाज देणार, भावजय पेटी, दाद निम्मी-निम्मी वाटली जाणार. स्वतःचं खातं उघडताना तिला फोननं बारा शब्द दिले. साधेच मराठी शब्द, कशाचा कशाला संबंध नसलेले. हे बारा शब्द, याच क्रमानं, हीच तुमच्या खात्याची चावी. आम्हालाही ती माहीत नाही. विसरलात तर खातं कायमचं बंद, कुणीही उघडून देऊ शकणार नाही. शकुननं ते पाठ केले.

मग रत्नमालाच्या खात्याची वेळ आली. पडद्यावर दोन पर्याय होते. एक, स्वतःची चावी. दुसरा, 'सोपं खातं: शब्द लक्षात ठेवायची गरज नाही, चावी आम्ही सांभाळू, यंत्राचा खर्चही आम्हीच सोसू.' शकुनचं बोट थांबलं. त्याच दिवशी सकाळी रत्नमाला फळीसमोर उभी राहून कितीतरी वेळ हवेत दोन बोटं जुळवत होती. "ते... थे गं... पोळी उचलायचं..." चिमटा हा शब्द तिला आठवत नव्हता, आणि तिचे डोळे भरून आले होते.

शकुननं सोपं खातं निवडलं. नणंदेला त्यातलं काही सांगितलं नाही.

वर्षभरात 'नणंद-भावजय' हे नाव ओसरीवर गाजायला लागलं. पुण्याचे, बेळगावचे, पार दुबईचे लोक ऐकायचे. आठवड्याला एक प्रवेश. रत्नमाला अडखळली तर त्या पुन्हा करत, हव्या तितक्या वेळा. ती तरतरीत झाली. सकाळी उठून आवाज लावायला लागली. आणि एके दिवशी चहा पिताना म्हणाली, "शकुन, आपन एक खरंखुरं नाटक लावू. मंडईत. पडदा, लाइट, माणसं समोर."

"रात्रभर उभं राहणं झेपेल का तुम्हाला, ताई?"

"रात्री कायले? दिवसा करू. दुपारी चारले."

"झाडीत दिवसा नाटक?"

"तर काय झालं? जेवायच्या आत माणूस घरी."

ठरलं. मंडप, पडदे, चार नट, सगळ्याचा खर्च दोघींनी आपापल्या दादेतून निम्मा निम्मा करायचा. मंडपाचं काम लाखांदूरच्या बिसनजी गहाणे यांना दिलं. त्यांनी रत्नमालाची सगळी नाटकं पाहिलेली होती आणि त्यामुळंच ते तिच्याशी भाव करायला लाजत होते.

पैसे काढायची वेळ आली तेव्हा पहिल्यांदा गडबड लक्षात आली. शकुनच्या बँकेत तिची रक्कम पूर्ण आली. रत्नमालाच्या बँकेत कमी. थोडीथोडकी नाही, डोळ्यांत भरेल इतकी कमी.

शकुननं ओसरीचं पान उघडून पाहिलं. दोघींना मिळालेली दाद शेवटच्या कणापर्यंत सारखी. मग फरक कुठं गेला? साखळी चुकत नाही, हे सगळं जग सांगत होतं. उरला माणूस. ताईंनी कुणाला तरी दिले असणार. तिला दिगंबर कुथे आठवला, एकेकाळचा नायक, आता आंधळा होऊन गोंदियात मुलाकडे पडलेला. ताईंनी त्याला पाठवले असतील, आणि मला सांगायला संकोचल्या असतील. देऊ देत. त्यांचेच पैसे आहेत. शकुननं मनातल्या मनात नणंदेला माफ करून टाकलं.

इकडे रत्नमालाही विचार करत होती. खातं उघडलं शकुननं, फोन शकुनच्या हातात, पासवर्ड शकुनला ठाऊक. घर चालवायला कमी पडत असेल. मी फुकट राहते, औषधं माझी, दुधावरची साय माझी. तिनं काढून घेतले असतील तर काय बिघडलं? विचारलं तर बिचारी लाजेल. तिनंही भावजयीला माफ केलं.

अशा दोघी एकमेकींना माफ करून एकाच घरात राहू लागल्या. आणि घर बिघडलं. वरून काहीच दिसत नव्हतं. शकुन नणंदेशी जरा जास्तच गोड बोलायला लागली, आणि रत्नमालानं सायीला हात लावणं सोडलं. नवा प्रवेश ध्वनिमुद्रित केला, तो सपक झाला. ऐकणाऱ्यांच्या श्वासाला ते लगेच कळलं. दाद निम्म्यावर आली.

शेवटी भांडण झालं ते बिसनजींमुळं. ते आगाऊ रकमेची पावती घेऊन आले आणि अंगणातच हात जोडून म्हणाले, "ताई, तुमचा हिस्सा पूर्ण पोचला. शकुनवहिनींनी सांगितलं, ताईंनी दिला म्हणून. तुमचे उपकार."

ते गेल्यावर रत्नमाला आत आली. "मी पूर्ण दिला?"

शकुन कणीक मळत होती. "असू दे न ताई. कमी पडत होते, मी घातले."

"अन् नाव माझं सांगितलं. काहून?"

"तुम्हाला कमीपणा वाटू नये म्हणून."

"मले कमीपणा? माझे पैसे तू घेतले, त्याबद्दल मी एक शब्द काढला नाही, अन् वरून तू मलेच भीक घालते?"

शकुनचे हात परातीत तसेच राहिले. "मी घेतले? ताई, मला वाटलं तुम्ही दिगंबरभाऊंना पाठवले."

"दिगंबरले? त्यानं माझी चांदीची पैंजणं घेतली होती भंडाऱ्यात, अजून नाई दिली! त्याले मी पैसे पाठवीन?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग रत्नमालाला हसू फुटलं, पण ते अर्ध्यातच थांबलं, कारण शकुन रडत होती.

"इतके दिवस तुम्ही मला चोर समजत होत्या?"

"अन् तू मले खोटारडी."

मग रत्नमाला पाटावर बसली. "हे बघ. तू नाई घेतले, मी नाई दिले. मग गेले कुठं? फोन आन. दोघी संगच काढू."

त्या शेजारी शेजारी बसल्या. दोघींनी आपापल्या खात्यातली शंभर-शंभर दाद विकायला काढली आणि एकाच क्षणी बटण दाबलं. रत्नमालानं नाटकातल्यासारखं "एक, दोन, तीन" म्हटलं. पाच मिनिटांनी दोन्ही बँकांचे संदेश आले. शकुनला जितके रुपये आले, त्यापेक्षा रत्नमालाला सहावा हिस्सा कमी. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"माणूस नाई चुकला," रत्नमाला म्हणाली. "तुझी साखळी चुकली."

तेजलला फोन लावला. तिनं आधी हसण्यावारी नेलं, मग म्हणाली, "मला करार वाचू दे." ती दुसऱ्या दिवशी स्वतःच घरी आली. चेहरा उतरलेला. ओसरी तिनंच घरात आणली होती.

तिनं समजावून सांगितलं ते असं. दाद मिळेपर्यंत सगळं चोख होतं, कमिशन खरोखरच शून्य. खोच होती ती दाद विकताना. दादेचा भाव बाजारातल्या कांद्यासारखा असतो. विकायला जास्त आली की उतरतो, कमी आली की चढतो. ज्याची स्वतःची चावी आहे, तो आपली दाद थेट खुल्या बाजारात विकतो आणि यंत्राचा किरकोळ खर्च स्वतः भरतो. तो खर्च पडद्यावर दिसतो. सोप्या खात्याची विक्री मात्र आधी ओसरीच्या यंत्राकडे जाते, कारण चावी त्यांच्याकडे आहे. कोण काय विकणार हे त्या यंत्राला पळभर आधी कळतं. तेवढ्यात ते स्वतःकडची दाद आधी विकून टाकतं. भाव पडतो. पडलेल्या भावात तुमची विक्री होते, भाव आणखी पडतो. मग यंत्र तीच दाद खालच्या भावात परत घेऊन ठेवतं. मधला फरक ओसरीचा.

"पडद्यावर लिहिलेलं असतं, कमिशन शून्य. ते खरंच आहे," तेजल म्हणाली. "फक्त भाव पाडलेला असतो. आणि यातलं काहीही लपवलेलं नाही, आत्या. सगळं साखळीवर उघडं आहे. पण ते वाचणार कोण?"

"असे किती लोक?"

"सोपं खातं? लाखांनी. बहुतेक तुमच्यासारखे. वयस्क, नवशिके, गावातले भजनवाले, गोष्टी सांगणाऱ्या आज्या."

"अन् शकुनचं खातं सोपं नाई?"

"आईचं स्वतःच्या चावीचं आहे."

रत्नमालानं भावजयीकडे पाहिलं. "माझं सोपं कोणी केलं?"

शकुन खाली बघत होती. "मी. बारा शब्द पाठ ठेवावे लागतात, ताई. त्या दिवशी सकाळी तुम्हाला चिमटा हा शब्द... मला वाटलं, उगीच तुम्हाला त्रास. आणि नाही आठवले तर तुम्हाला किती लागेल."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, पण गॅस कुणी उठून बंद केला नाही.

"माझे पैसे गेले त्याचं मले काही नाई," रत्नमाला हळू म्हणाली. "थे चोर बाहेरचे. पन तू मले बारा शब्दांत नापास केलं, शकुन. परीक्षा न घेता."

ती उठून आपल्या खोलीत गेली. शकुन दारापर्यंत गेली, आणि तिथूनच परत आली. आत जाऊन काय बोलणार? जे केलं ते मायेनं केलं होतं, आणि लागायचं ते लागलंच होतं.

सकाळी रत्नमाला न्हाऊन, केस बांधून बाहेर आली. "चल. माझं नवीन खातं उघड. माझ्या चावीचं. अन् शब्द आले की तू बाहेर जा."

शकुननं फोन तिच्या हातात दिला आणि बाहेर गेली. पण खोलीची भिंत पातळ. रत्नमाला पाठांतर करायची ते भरल्या आवाजात, सवयीनं. पहिला शब्द ऐकू आला तशी शकुन दचकली आणि धावत जाऊन तिनं मिक्सर सुरू केला. भांड्यात काहीच नव्हतं. तेजल म्हणाली, "आई, जळेल तो." तेव्हा तिनं त्यात मूठभर खोबरं टाकलं. त्या आठवड्यात त्या घरात चटण्या फार झाल्या.

तेजलनं शब्दांची एक लेखी प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायला लावली, तो तिचा हट्ट होता. पण रत्नमालाला शब्द डोक्यातच हवे होते. सुरुवातीला ती अडखळली. चौथ्या शब्दाशी थांबायची, आठवा आणि नववा उलटे व्हायचे. एकदा तर वैतागून तिनं फोन गादीवर आपटला. मग तिला सुचलं. आयुष्यात तिनं सुटे शब्द कधी पाठ केलेच नव्हते. कोण बोलतंय, कुणावर रागावून बोलतंय, हे माहीत असलं की पुढचं वाक्य आपोआप तोंडात यायचं. तिनं त्या बारा शब्दांचा एक प्रवेश केला. त्यात माणसं घातली, भांडण घातलं, शेवटी रडणं घातलं. दुसऱ्या दिवशी ती पूर्ण प्रवेश न थांबता म्हणू शकली, मनातल्या मनात, भावजयीच्या डोळ्याला डोळा भिडवून. शकुनला फक्त तिच्या भुवया वरखाली होताना दिसल्या.

"झालं?" शकुननं विचारलं.

"पास," रत्नमाला म्हणाली.

गोष्ट इथं संपली असती. पण त्या आठवड्याचा कार्यक्रम करायचा होता, आणि रत्नमाला म्हणाली, "मी हेच सांगतो."

जाहिरात मात्र आदल्या दिवशी ओसरीवर टाकावी लागायची. ती टाकली तशी बंगळूरहून एका मुलीचा फोन आला. पल्लवी तिचं नाव. मराठी गोड, आवाजात खरा आदर. ती म्हणाली, आम्ही तुमचे चाहते आहोत. तुम्हाला त्रास झाला, क्षमा करा. तुमच्यासाठी आम्ही मानाचं खातं करतो, त्यात भावाचा काही प्रश्नच येणार नाही. मागची तूट भरून देऊ, शिवाय मंडईच्या नाटकाला मदत करू. फक्त हा विषय कार्यक्रमात नको.

"अन् बाकीच्यांचं काय करता?" रत्नमालानं विचारलं.

"आजी, साखळीवर चढलेला करार बदलता येत नाही. तो आमच्याही हातात नाही आता."

"मग माझ्यासाठी कसा बदलते?"

मग पल्लवी हळू म्हणाली, "ओसरी चालवायला खर्च येतो हो. हजारो यंत्रं आहेत. शून्य म्हटलं नाही तर लोक येत नाहीत."

"बाई, मी रागावली नाई तुझ्यावर," रत्नमाला म्हणाली. "आमच्या कंपनीतही पैसे कापत. तंबूचे, लाइटचे, बैलबंडीचे. पन पडदा उघडायच्या आधी मालक समोर बसून सांगे, एवढे कापीन. पटलं तर तोंडाले रंग लाव, नाई तर घरी जा. तुम्ही समोर बसून मागा. मी देईन."

फोन ठेवल्यावर तिनं शकुनकडे पाहिलं. मंडपाची दुसरी रक्कम अजून द्यायची होती, हे दोघींनाही ठाऊक होतं.

"तुले काय वाटते?" रत्नमालानं विचारलं. घरातल्या पैशाच्या गोष्टीत तिनं भावजयीचं मत विचारायची ही पहिलीच वेळ.

"मला वाटतं," शकुन म्हणाली, "पेटी काळी दोनच्या पट्टीत घेऊ. तुमचा आवाज त्यात जास्त खणखणीत लागतो."

त्या कार्यक्रमात रत्नमालानं कुणाला शिव्या दिल्या नाहीत. तिनं कांद्याच्या बाजाराचा एक प्रवेश केला. एक म्हातारी कांदे विकायला निघाली आहे, आणि तिच्या पिशवीत डोकावून एक व्यापारी तिच्या आधी पळत बाजारात जातो. व्यापारी, म्हातारी, गिऱ्हाईक, सगळे तीच. लोक हसले, आणि हसता हसता त्यांना भाव कसा पडतो ते कळलं. नंतर तिनं बारा खोटे शब्द घेऊन त्यांचा प्रवेश कसा रचायचा ते दाखवलं. "हे शब्द माझे नाईत, अन् तुमचे तुम्ही कुणाले सांगू नका. नवऱ्याले नाई, पोराले नाई. तुमचं नाटक तुम्हीच पाहायचं." शेवटी म्हणाली, "विसरायची भीती वाटते? मलेही वाटते. पन आपल्याले जमनार नाई, हे दुसऱ्या कोणी ठरवू नये. मायेनंही नाई."

पेटीवर शकुनचा हात क्षणभर चुकला. तो चुकलेला सूर त्यांनी कार्यक्रमात तसाच ठेवला.

पुढचे काही महिने ठिकठिकाणची म्हातारी माणसं तोंडातल्या तोंडात पुटपुटत फिरत होती म्हणतात. साताऱ्याच्या एका निवृत्त कंडक्टरनं आपल्या बारा शब्दांवर बस काढली, दर थांब्याला एक शब्द. परभणीच्या दोघी बहिणींनी ओव्या रचल्या. काहींना जमलं नाही. काही शब्द विसरून दाद गमावूनही बसले, आणि त्यातल्या एका बाईनं रत्नमालाला फोन करून खूप सुनावलं. रत्नमालानं ते सगळं ऐकून घेतलं, आणि पुढच्या कार्यक्रमात आधी लॉकरची गोष्ट सांगितली. सोपी खाती ओसरत गेली. शेवटी ओसरीनं नवा करार आणला. शंभर दादेमागे चार आम्ही घेऊ, पहिल्याच पानावर, मोठ्या अक्षरात. बरेच लोक चिडून निघून गेले. नणंद-भावजय राहिल्या. "मागितले न समोरून," रत्नमाला म्हणाली. "मग द्यायचे."

मंडपाची दुसरी रक्कम त्यांनी हप्त्यानं दिली. बिसनजींनी हप्ते आनंदानं घेतले.

मंडईच्या दिवशी चारला पडदा उघडला. झाडीत दिवसा नाटक म्हणून लोक गंमत बघायला आले होते. उन्हामुळं लाइटचा काही उपयोग नव्हता, पडद्यावरचा राजवाडा फिका दिसत होता. नाटक रत्नमालानंच लिहिलं होतं, एका म्हाताऱ्या राणीचं. तिला सगळे दरबारी गादीवरून उतरवायला बघतात. पहिला अंक झकास झाला. दुसऱ्या अंकात राणी सिंहासनावरून उठली, हात उंचावून म्हणाली, "आमचा हुकूम आहे की..." आणि थांबली.

ते थांबणं नाटकातलं नव्हतं. शकुनला ते पहिल्या क्षणाला कळलं. ती रंगमंचाच्या पुढ्यात पेटीवर बसली होती. पुढचं वाक्य तिला पाठ होतं. तिचे ओठ उघडले. मग तिनं ते मिटले आणि हातातला सूर धरून ठेवला. भाता हलता राहिला, सूर लांबत राहिला. नणंद तिच्याकडे बघत होती, ती नणंदेकडे बघत होती. मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. एकदा शकुनला वाटलं, बस, सांगून टाकावं. तिनं सांगितलं नाही.

राणी सावकाश पायऱ्या उतरून रंगमंचाच्या कडेला आली. खाली वाकली. सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "प्रधानजी, आम्ही कोणता हुकूम देणार होतो बरं?"

शकुन आयुष्यात कधी रंगमंचावरून बोलली नव्हती. ती उठली. पेटीचा भाता तसाच उघडा राहिला. पदर खोचून, शक्य तितक्या जाड आवाजात तिनं सांगितलं, "महाराणी, हुकूम असा की दरबारातल्या सगळ्या पुरुषमाणसांनी आज आपापली भांडी आपणच घासावीत!"

बायकांच्या बाजूनं असा गलका उठला की पुढची तीन वाक्यं कुणालाच ऐकू आली नाहीत.

नाटक संपल्यावर दोघी पडद्यामागं खोक्यांवर बसल्या. रत्नमाला खोबरेल लावून तोंडाचा रंग पुसत होती. बाहेर अजून ऊन होतं.

"ताई, एक विचारू? खरंच विसरल्या होत्या, की मला बोलतं करायचं होतं?"

"खरंच विसरली होती. साफ कोरं झालं होतं." रत्नमालानं एक गाल पुसून झाला, दुसरा पुढं केला आणि कापूस भावजयीच्या हातात दिला. "पन उद्या अर्जुनीच्या मंडईत विसरली नाई, तरी विचारीन."